चेलेमच्या घरातल्या कड्या

गुहागरला माझ्या माहेरच्या घराच्या जागेवर आज एकवीस नावं आहेत. त्यातली सहा माणसं वारली, दोघं मेलबर्नला आहेत आणि एका काकांशी कोणी बोलत नाही. मागच्या पडवीचं छप्पर दोन पावसाळ्यांपूर्वी बसलं. ओटीवरचा झोपाळा कोणी नेला ते कळलं नाही. तुळईला पितळी कड्या तेवढ्या लोंबताहेत. चुलतभाऊ दर गणपतीत त्यांचा फोटो पाठवतो. का पाठवतो ते मी विचारत नाही.

समुद्राजवळ एक लहानसं घर हवं, हे आम्हा दोघांचं जुनं खूळ. कोकणात नवं घ्यावं असंही वाटलं होतं. पण आमच्याकडे अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयाचं कार्ड. या कार्डावर फ्लॅट घेता येतो, शेतजमीन घेता येत नाही. आणि किनाऱ्याजवळ विकायला निघालेली बरीचशी जागा कागदावर शेतजमीनच असते. आम्ही राहतो त्या ह्यूस्टनहून तासाभरावर समुद्रकाठचं गॅल्व्हेस्टन आहे, तर तिथल्या वादळविम्याचा हप्ता ऐकून नवरा दोन दिवस गप्प होता. मग कोणीतरी मेक्सिकोतल्या युकातान राज्याचं नाव काढलं. मेक्सिकोच्या आखाताच्या खालच्या टोकाला प्रोग्रेसो नावाचं बंदर आहे, त्याच्या दोन्ही अंगांना कोळ्यांची गावं आहेत आणि कॅनडातली म्हातारी माणसं थंडीत तिथे येऊन राहतात. विमानाने दोन-सव्वादोन तास. जानेवारीत आठवडाभर जाऊन बघून येऊ, घ्यायलाच हवं असं काही नाही, असं ठरलं. "घ्यायलाच हवं असं काही नाही" म्हणून निघालेला माणूस काय करतो ते सर्वांना माहीत आहे.

पहिला दिवस, गुरुवार

मेरिदाला, युकातानच्या राजधानीत, उतरताना मी सवयीने खिडकीतून डोंगर शोधत होते. इथे डोंगर नाही, टेकाड नाही, नदीसुद्धा नाही. उत्तर युकातान म्हणजे चुनखडीचा एक अखंड पाट. पडलेलं पाणी थेट खाली मुरतं आणि जमिनीच्या पोटातून वाहतं. वरचं छत कोसळून ते जिथे उघडं पडतं त्या डोहाला सेनोते म्हणतात.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी सांगून ठेवते: अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पर्यटक म्हणून जास्तीत जास्त १८० दिवस राहता येतं, पण प्रत्यक्षात किती दिवस द्यायचे ते खिडकीतला अधिकारी ठरवतो. आणि घर विकत घ्यायला पर्यटक असणं पुरतं, रहिवासी असावं लागत नाही. मला हे खरं वाटलं नव्हतं.

मेरिदा ते प्रोग्रेसो पस्तीसेक किलोमीटर, पट्टीने आखल्यासारखा रस्ता. दोन्ही बाजूंना खुरटं रान आणि मधेच घायपाताचे जुने मळे. आपल्याकडे शेताच्या बांधावर काटेरी कुंपण म्हणून लावतात त्याचा हा सख्खा भाऊ, इथे त्याला हेनेकेन म्हणतात. त्याच्या दोरांवर एकोणिसाव्या शतकात मेरिदाचे जमीनदार गब्बर झाले, ते माया मजुरांना कर्जात अडकवून. ते दोर बाहेर पाठवायला आधी सिसाल नावाचं बंदर होतं (इंग्रजीतल्या सिसाल दोराचं नाव इथूनच आलं), ते गैरसोयीचं म्हणून १८७१ साली प्रोग्रेसो वसवलं. नावच 'प्रगती'. अशा नावाच्या गावात प्रगती जरा बेताचीच असते, असं नवऱ्याचं मत.

भाड्याच्या घरात दोन खोल्या, गच्चीवर काळी पाण्याची टाकी, आणि प्रत्येक खोलीत समोरासमोरच्या भिंतींत बसवलेल्या लोखंडी कड्या. हॅमॉकसाठी, म्हणजे दोन टोकांना टांगलेल्या विणलेल्या झोळीसाठी. मालकीणबाई म्हणाल्या, खाटा पाहुण्यांसाठी ठेवल्यात, आम्ही सगळे हॅमॉकमध्येच झोपतो. त्यात सरळ झोपलं की पाठीचं केळं होतं, तिरकं झोपायचं, हे मला रात्री दोन वाजता समजलं. नवरा खाटेवर घोरत होता. मी मात्र तीसेक वर्षांनी कड्यांची कुरकुर ऐकत झोपले.

दुसरा दिवस, शुक्रवार

एजंटबाई मेरिदाच्या, पन्नाशीच्या, इंग्रजी झकास, गाडी भन्नाट. त्यांनी पहिल्यांदाच बजावलं की इथे सगळ्या घरांची मिळून एक यादी नसते. एकच घर तीन एजंटांकडे तीन भावांनी असू शकतं. तसं एक आम्हाला सकाळीच भेटलं: फाटकावर दोन पाट्या, दोन आकडे. पुण्यात वाढलेल्या माणसाला यात धक्का बसण्यासारखं काही नाही.

नवरा पस्तीस वर्षं पुलांची डिझाइनं करून निवृत्त झाला आहे. तो घर बघत नाही, काँक्रीट बघतो. मी स्वयंपाकघर, उजेड, वारा वगैरे बघत असते तेव्हा हा खिशातून किल्ली काढून खांबांवर वाजवत फिरतो. 'टक' वाजलं तर पुढे. 'ठप' वाजलं तर थांबतो, कान लावतो आणि असा चेहरा करतो की विकणाऱ्याने दहा हजार डॉलर आपणहून कमी करावेत.

प्रोग्रेसोच्या पश्चिमेला चेलेम आहे, त्या कोळ्यांच्या गावांपैकीच एक. तिथलं पहिलं घर अगदी समुद्रावर. जाहिरातीतल्या फोटोत घरापुढे फरसबंद अंगण होतं. प्रत्यक्षात अंगणाचा अर्धा तुकडा वाळूत तिरका पडलेला, उरलेल्या अर्ध्याखालून लाट जात होती. या किनाऱ्यावर वाळू पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत असते. १९६८ मध्ये चेलेमच्या पूर्वेला युकाल्पेतेनचं मासेमारी बंदर झालं, त्याच्या तोंडाशी दगडी बांध आले आणि वाळू अडली. बांधाच्या पलीकडे किनारा रुंदावला, अलीकडे चेलेमच्या बाजूला झिजत गेला. त्यावर लोकांनी आपापल्या घरापुढे लहान बांध घातले, म्हणजे शेजाऱ्याची वाळू आपल्याकडे. नवरा म्हणाला, "हे भाऊबंदकीसारखंच झालं." मी काही बोलले नाही.

दुसरं घर तीन मजली आणि काचांचं. ते आमचं नव्हेच. चौथ्याच्या गच्चीतून सळ्या वर आलेल्या, पुढेमागे मजला चढवायचा म्हणून ठेवलेल्या. आपल्याकडेही गावोगाव असतात. इथे त्यांना 'वारियास दे ला एस्पेरान्सा' म्हणतात, आशेच्या सळ्या. मला नाव फार आवडलं. नवऱ्याला त्या सळ्यांवरचा गंज दिसत होता, आणि गंज सळीच्या टोकाला थांबत नाही, आत उतरतो.

मधलं तिसरं घर राहिलं सांगायचं. तेही चेलेमलाच, पण समुद्रापासून दुसऱ्या रांगेत, मधे एक रस्ता. पांढरं, एकमजली, दोन खोल्या, मागे विहीर आणि एक तिरपा वाढलेला नारळ. मालक कॅनडाचं सत्तरी ओलांडलेलं जोडपं. गुडघ्यांमुळे आता परत चाललेलं. बाईंनी लिंबाचं सरबत दिलं. मागच्या व्हरांड्यात दोन हॅमॉक होते, सुती, निळ्या आणि भगव्या सुताचे. मी त्यातल्या एकात बसले आणि उठायला उशीर केला. एजंटबाईंनी ते बरोबर टिपलं. मागणी १,८९,००० डॉलर.

व्हरांड्याच्या ईशान्येच्या खांबावर किल्ली 'ठप' वाजली होती. नवऱ्याने ते मला गाडीत बसल्यावर सांगितलं.

तिसरा दिवस, शनिवार

प्रोग्रेसोच्या पूर्वेला दोन घरं पाहिली, दोन्ही नापास. पण गावाचं नाव चिक्शुलुब.

सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी दहा किलोमीटर किंवा त्याहून मोठा दगड आकाशातून येऊन आदळला आणि डायनोसॉर संपले, ती ही जागा. विवराचा मध्य या गावाजवळ येतो, म्हणून विवरालाही गावाचं नाव. व्यास सुमारे १८० किलोमीटर. तिथे जाऊन शोधाल तर काहीही दिसणार नाही. नारळपाणीवाला, चर्च, एक चौक, भर दुपारी झोपलेली कुत्री. सगळं वर साचलेल्या चुनखडीखाली गाडलं गेलं आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी मेक्सिकोच्या सरकारी पेट्रोलियम कंपनीसाठी ग्लेन पेनफील्ड आणि आंतोनियो कामार्गो तेल शोधत होते, त्यांना मोजमापांत एक प्रचंड कंस दिसला. २०१६ मध्ये इथूनच समुद्रात जाऊन शास्त्रज्ञांनी विवराच्या आतल्या गोल कड्याला भोक पाडून नमुने काढले. जमिनीवर त्याची एकच खूण उरली आहे. नकाशावर सेनोत्यांच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं की अर्धवर्तुळ उमटतं. विवराच्या काठावर खडक भेगाळला, तिथून पाणी वाहिलं, तिथे डोह झाले.

हे वाचून निघाले होते, तरी चौकातल्या बाकावर बसल्यावर अंगावर काटा आला, आणि तो डायनोसॉरमुळे नव्हे. त्याच सुमारास आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता. डायनोसॉर कोणी मारले, या दगडाने की त्या लाव्ह्याने, की दोघांनी मिळून, यावर भूशास्त्रज्ञ अजून भांडतात. गुहागरच्या घराच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत आणि जांभा म्हणजे त्याच लाव्ह्याच्या काळ्या दगडाचं ऊनपावसात लाखो वर्षं कुजलेलं रूप. एका आरोपीच्या घरात वाढून मी दुसऱ्याच्या घरात जागा शोधायला आले होते.

हे मी नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, चुनखडीवर पाया घालायला बरा, फक्त खाली पोकळी नाही ना ते बघावं लागतं.

चौथा दिवस, रविवार

एजंटबाईंना सुट्टी, आम्हाला मालेकोन. मालेकोन म्हणजे समुद्राकाठचा फिरायचा रस्ता, म्हणजे दादर चौपाटीची गर्दी आणि मरीन ड्राइव्हचा तोरा. मेरिदाची कुटुंबं डबे, शीतपेट्या आणि आजीसकट आलेली. हातगाडीवर मार्केसिता खाल्ली: पातळ कुरकुरीत पोळी, त्यावर किसलेलं डच चीज आणि गोड काहीतरी, गुंडाळी करून. चीज आणि जॅम एकत्र ही कल्पना मला पटत नव्हती. दुसरी घेतली तेव्हा पटली.

बाकी सगळा दिवस नवऱ्याच्या तीर्थयात्रेत गेला. प्रोग्रेसोचा धक्का साडेसहा किलोमीटर लांब आहे, जगातल्या सर्वांत लांब धक्क्यांपैकी एक. समुद्र इतका उथळ की मोठ्या जहाजाला पाणी मिळायला तेवढं आत जावं लागतं. लोक क्षितिजावरच्या पांढऱ्या क्रूझ बोटीचे फोटो काढत होते. आम्ही वाळूवर उभं राहून धक्क्याच्या मुळाशी असलेल्या कमानी बघत होतो.

तो किनाऱ्याकडचा दोनेक किलोमीटरचा जुना भाग १९३७ ते १९४१ मध्ये एका डॅनिश कंपनीने बांधला. इथल्या काँक्रीटमध्ये स्थानिक चुनखडीची खडी, म्हणजे सच्छिद्र; खारं पाणी आत शिरणारच. म्हणून त्यांनी सळ्या साध्या लोखंडाच्या न घालता स्टेनलेस स्टीलच्या घातल्या. त्या काळात हा वेडेपणाच वाटला असेल. ऐंशीहून जास्त वर्षं झाली, कमानी अजून ओझं वाहताहेत. शेजारीच तीसेक वर्षांनंतर साध्या सळ्या घालून दुसरा धक्का बांधला होता. त्याचे पाण्यातून वर आलेले बुंधे तेवढे उरलेत, किडक्या दाढांसारखे. जगभरच्या पूलवाल्यांच्या व्याख्यानांत या दोघांचा जोडफोटो असतो. नवऱ्याने तो स्वतः शंभर वेळा पडद्यावर दाखवला असेल. आता त्याने मला धक्का मागे येईल असा स्वतःचा फोटो काढायला लावला, पंढरपूरला कळस मागे धरून काढतात तसा.

"मग त्या घरातल्या सळ्या कुठल्या असतील?" मी विचारलं.

"साध्या. सगळ्यांच्याच साध्या असतात. प्रश्न एवढाच की वर काँक्रीट किती आहे आणि मीठ कुठवर पोचलंय."

पाचवा दिवस, सोमवार

आजचा दिवस कागदांचा, म्हणजे माझा. सकाळी मेरिदाला वकीलबाईंकडे आणि तिथून नोतारियोच्या कचेरीत.

नोतारियो म्हणजे आपल्या कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्के मारणारा नोटरी नव्हे. राज्य सरकारने नेमलेला हा ज्येष्ठ कायदेतज्ज्ञ दस्त लिहितो, खरेदीदार आणि विकणारा दोघांचे कर काढतो, भरून घेतो आणि दस्त नोंदणीला पाठवतो. दुय्यम निबंधक, सीए आणि सावकाराचा मुनीम एकाच खुर्चीत. पण तो दोन्ही पक्षांचा, एकट्या तुमचा नव्हे; म्हणून आपला वकील वेगळा करावा, एजंटाने सुचवलेला करू नये.

परदेशी माणसाने मेक्सिकोत घर घ्यायचं म्हणजे १९१७ च्या राज्यघटनेचं कलम २७ आडवं येतं. किनाऱ्यापासून ५० किलोमीटर आणि सरहद्दीपासून १०० किलोमीटर पट्ट्यात परदेशी माणसाला जमिनीची थेट मालकी मिळत नाही. वकीलबाई हे सांगताना गोड हसल्या, "तुम्ही टेक्सासचे ना? मग कारण तुम्हाला माहीत असेल." खरंच माहीत होतं. १८२० च्या दशकात मेक्सिकोने टेक्सासमध्ये अमेरिकन लोकांना जमिनी देऊन वसवलं, १८३६ मध्ये त्यांनी टेक्सास वेगळा काढला, पुढे तो अमेरिकेत गेला, आणि १८४८ च्या तहात मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा मुलूख गेला. पाहुण्याला ओटीवर पथारी दिली आणि माजघर गेलं. त्यांनी आता दारात उंबरठा घातला तर मला तरी तक्रार नाही. मला माझ्या जन्मगावी शेतजमीन विकत घेता येत नाही त्यामागेही अशीच काहीतरी भीती असणार.

त्यावरची पळवाट, अगदी कायदेशीर, म्हणजे फिदेइकोमिसो. बँकेच्या नावाने न्यास करायचा. कागदावर मालक बँक, लाभार्थी तुम्ही. राहा, भाड्याने द्या, भिंती पाडा, विका, बँक मधे येत नाही. ती वर्षाला पाच-सहाशे डॉलर फी घेते एवढंच. १९९३ च्या कायद्यापासून मुदत ५० वर्षांची आणि पुढे वाढवता येते. परराष्ट्र खात्याचा परवाना लागतो, आणि त्यासाठी लिहून द्यावं लागतं की या मालमत्तेपुरतं मी स्वतःला मेक्सिकन समजेन, आपल्या देशाच्या सरकारकडे गाऱ्हाणं नेणार नाही, नेलं तर मालमत्ता मेक्सिकोला जाईल. नवरा म्हणाला, दोन देश तर झाले, आता तिसऱ्याचेही होऊ.

कॅनेडियन जोडप्याचा न्यास २००६ चा, म्हणजे २०५६ पर्यंत. तोच आमच्याकडे वर्ग करून घेता येईल. तेव्हा आम्ही नव्वदीत असू, किंवा नसू. लिपिक मुलाने फॉर्मवरच्या एका रकान्यावर बोट ठेवलं: तुमच्यानंतर कोण? मुलांची नावं, प्रत्येकाचा हिस्सा, सगळं आजच लिहायचं. मग वारसासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. तो रकाना बघून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. गुहागरच्या कागदावर आजोबांनी एवढा एक रकाना भरला असता तर!

तिथल्या तिथे मुलांना फोन लावला. मुलगी म्हणाली, काहीही लिही गं. मुलाने विचारलं, इंटरनेट कसं आहे तिथे.

एखिदोबद्दल सांगायलाच हवं, कारण त्यात माणसं बुडतात. क्रांतीनंतर जमीनदारांच्या जमिनी गावांना सामाईक वाटल्या गेल्या, त्या एखिदो. कसायचा हक्क कुटुंबाचा, विकायचा नाही. १९९२ च्या दुरुस्तीनंतर ती जमीन रीतसर खासगी करून घेता येते, पण त्याला गावसभा, कृषी नोंदणी आणि भरपूर वर्षं लागतात. तोवर जे 'हक्क सोडल्याचे' कागद फिरतात त्यावर परदेशी माणसाच्या हाती काही लागत नाही. आदल्या संध्याकाळीच आमच्या घरमालकिणीच्या ओळखीच्या एका गृहस्थाने समुद्राला लागून प्लॉट दाखवला होता, भाव निम्म्याहून कमी. वकीलबाईंनी कागद बघून बाजूला सारला. आपल्याकडे वर्ग दोनची जमीन साठेखतावर घेणारे असतात, त्यातलाच हा प्रकार. आणि हो, 'समुद्राला लागून' म्हणजेही भरतीच्या रेषेपासून वीस मीटर पट्टा सरकारचा, कुंपण घालता येत नाही, वाळू सगळ्यांची.

मग आला खरा प्रश्न. "दस्तावर किती लिहायचं?" वकीलबाईंनी आवाज न बदलता विचारलं. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. बाई गोंधळल्या. त्यांना काय सांगणार, की आमच्या आईवडिलांची अर्धी हयात 'पांढऱ्यात किती' या वाक्यात गेली आहे.

भानगड अशी. २००६ साली कॅनेडियन जोडप्याने दिलेल्या किमतीच्या जेमतेम निम्मी रक्कम दस्तावर लिहिली गेली. तेव्हा ती सर्रास पद्धत होती. आता खरी किंमत लिहिली तर त्यांचा नफा कागदावर फुगतो आणि त्यांना मोठा कर बसतो. म्हणून त्यांना पुन्हा कमीच लिहून हवी आहे. आम्ही ऐकलं तर तो फुगा आमच्या हातात, आणि आम्ही विकायला काढू तेव्हा फुटणार आमच्या तोंडावर. मी सांगितलं, पूर्ण लिहिणार, नाहीतर नाही. खरेदीकर, नोतारियो, नोंदणी, बँक धरून वर सहा ते आठ टक्के लागतील असा वकीलबाईंचा अंदाज. त्या मानाने घरपट्टी अगदीच हलकी. त्या घराची वर्षाची पावती दीडशे डॉलरच्या आतली होती.

दुपारी बाजारात जेवायला गेलो तर सगळीकडे घेवड्याची उसळ आणि डुक्कर. युकातानमध्ये सोमवारी हेच असतं, ठरलेलं. आम्ही डुक्कर वगळून उसळ मागितली. वाढणाऱ्या बाईंना आमची दया आली असावी, त्यांनी बरोबर भोपळ्याच्या बियांची वाटलेली चटणी जास्तीची दिली. सिकिल पाक. भाजलेल्या बिया, टोमॅटो, कोथिंबीर, मिरची. डोळे मिटून खाल्ली तर वऱ्हाडातल्या कोणाही आत्याची.

सहावा दिवस, मंगळवार

पहाटे चारला खिडक्या थडथडायला लागल्या. नोर्ते आला होता. हिवाळ्यात अमेरिकेच्या मैदानांवरून थंड हवेची लाट उतरते, आखात ओलांडून सरळ या किनाऱ्यावर आदळते. आदल्या दिवशी तळ्यासारखा हिरवा असलेला समुद्र करडा होऊन रस्त्यावर थुंकत होता. बंदर बंद, होड्या वर ओढलेल्या, मालेकोनवर वाळूचे ढीग. लोक स्वेटर-कानटोप्या घालून फिरत होते. आमच्या ह्यूस्टनच्या हिशोबाने साधा गारवा.

एजंटबाईंचा निरोप, आज आराम करा. नवरा म्हणाला, आजच जायचं. कोकणात जागा पावसाळ्यात बघतात, पाणी कुठे साचतं ते कळायला. हे मीच त्याला कधीतरी सांगितलं होतं.

चेलेमच्या घरी मालकांनी उत्तरेच्या खिडक्यांखाली टॉवेल लावून ठेवले होते. लपवायचा प्रयत्न नव्हता. म्हातारबुवांनी स्वतःच सगळं दाखवलं: इथून पाणी येतं, हे दार फुगतं, पंखे दर दोन-तीन वर्षांनी बदलावे लागतात, फ्रिजची मागची बाजू बघा. खिडकीच्या काचेवर बोट फिरवून मी जिभेला लावलं. मीठ. गुहागरला आई जून-जुलैमध्ये तांब्याची भांडी रोज घासायची ते आठवलं.

नवरा ईशान्येच्या खांबाशी उकिडवा बसला. खालून गुडघाभर उंचीपर्यंत पांढरी पावडर फुललेली. इथे त्याला सालित्रे म्हणतात, भिंतीला झालेला रोग असल्यासारखं बोलतात. त्याने मालकांची परवानगी घेऊन छिन्नीने मुठीएवढा तुकडा उडवला. आतली सळी तांबूस होऊन पापुद्रे सुटलेली. मग व्हरांड्याचे उरलेले तीन खांब, गच्चीची किनार, कडीपाट, सगळं ठोकून झालं. दीड तास. मी आणि कॅनेडियन बाई आत हॅमॉकमध्ये बसून चहा पीत होतो. कड्या भिंतीत कराकरा वाजत होत्या. बाई म्हणाल्या, पहिल्या वर्षी हा आवाज नको व्हायचा, आता कॅनडात, मॅनिटोबाला, याच्याशिवाय झोप येत नाही.

निकाल असा: एक खांब नवा, दोन खांबांना दुरुस्ती, उत्तरेच्या खिडक्या बदलायच्या, मुख्य घर ठणठणीत. खर्च त्याने वहीत लिहिला, मला दाखवला, मग मी त्यात पन्नास टक्के वाढवले. त्यावरून आमचा भाव ठरला: १,७०,००० डॉलर, पूर्ण रक्कम दस्तावर. रात्री एजंटबाईंनी प्रस्ताव पाठवला. त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हातारबुवा कराच्या नावाने चिडतील.

सातवा दिवस, बुधवार

उत्तर नाही. प्रोग्रेसोच्या बाजारात हिंडलो. वारा पडला होता, कोळणी परत आल्या होत्या, आणि एका टोपलीत चिकू होते. तपकिरी, खरखरीत, घोलवडच्या बागेतून आत्ताच उतरवल्यासारखे. इथे चिकोसापोते. झाड मुळात याच रानातलं; खोडाला चिरा देऊन काढलेल्या चिकाचं पूर्वी च्युइंगगम व्हायचं. आपला 'चिकू' शब्द आपल्याकडे चिकातून आलाय असं मी लहानपणापासून धरून चालले होते, तो निघाला इथलाच. पपई, पेरू, सीताफळ, काजू, मिरची, सगळी याच बाजूची मंडळी, आपल्याकडे येऊन गावकरी झालेली. त्यांना कोणी फिदेइकोमिसो विचारला नाही.

दोन डझन घेतले.

शेवटचा दिवस, गुरुवार

मेरिदाच्या विमानतळावर लक्षात आलं की अमेरिकेत फळं नेता येणार नाहीत. नऊ उरले होते. टाकून द्यायचा प्रश्नच नव्हता. सुरक्षा तपासणीच्या अलीकडच्या बाकावर मांडीवर कागद पसरून आम्ही खायला बसलो, सालं काढत, बिया एका कपात. शेजारच्या बाकावरची लहान मुलगी टक लावून बघत होती, तिला एक दिला.

पाचव्या चिकूला माझा फोन वाजला. हात कोपरापर्यंत चिकट. "तू बघ," मी म्हटलं. नवऱ्याने करंगळी पँटला पुसली आणि एजंटबाईंचा निरोप उघडला.

"एक पंच्याहत्तर म्हणताहेत. दस्तावर पूर्ण लिहायला तयार."

"आणि?"

"फर्निचर, फ्रिज, भांडी, सगळं ठेवून जाणार." तो थोडा थांबला, वाचत होता. "हॅमॉक तेवढे नेणार, दोन्ही. कड्या राहतील म्हणे."